गंधकाचे दगड

मालवणकडे घरोघरी तांब्याची कळशी असते. हे तांबे येते कोठून? जमिनीतून. पण तेथे ते बहुधा गंधकाशी जखडलेले असते. असा दगड राजस्थानात खेत्रीच्या खाणीतून काढतात. तो भाजून, वितळवून तांबे मोकळे करतात. भाजताना गंधकाचा धूर सुटतो. त्या धुरापासून तेजाब होते, नि तेजाबापासून सुपर फॉस्फेट खत. तांब्यापासून मोरचूद बनवतात. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून बागवाले मोरचूद नि चुना फवारतात, तेच हे.

लोखंड आणि गंधक यांचा दगड सोन्यासारखा पिवळा चकाकतो. कोणी तो सोनं म्हणून विकू लागला तर काय करावे? हातोडी मारा. सोने चेपते, हा फुटतो. कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, ह्याची काळी.

आता नीट ऐका. शिशाचा गंधकी दगडही असाच चकाकतो. तो वाटून सुरमा करीत आले आहेत. त्याच्या 100 भागांत सुमारे 86 भाग शिसे असते. आई मायेने बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालते. बाळ डोळे चोळते, बोटे तोंडात घालते. शिसे पोटात जाते. मुलाच्या मेंदूची वाढ बिघडते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण झालेले नुकसान भरून येत नाही.

म्हणून आम्ही कळकळीने सांगतो: मुलांना सुरमा घालू नका. घालत असाल तर आजच बंद करा. मुलाला सरकारी दवाखान्यात न्या आणि रक्त तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा.