पिंपातले इंजिन



२२ जुलै २०२३ हा दिवस यवतमाळ जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावा लागत नाही. मुसळधार पावसाने यवतमाळ शहरातल्या घरांत पाणी शिरले आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या निघाल्या. त्या दलाचा विदर्भातला तळ नागपूरला. तिथून यवतमाळ दीडशे किलोमीटर, महागाव त्याच्याही बरेच पुढे, आणि पुराच्या दिवशी कोणता पूल चालू असेल याचा भरवसा नसतो. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यात एसटीची बस प्रवाशांसह वाहून गेली. त्याच महिन्यात वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या झुंजजवळ, नाव बुडून अकरा जण गेले.

एवढे सगळे पाहूनही इथे एक प्रश्न सहज विचारला जातो : समुद्र दोन्ही बाजूंनी पाचशे किलोमीटरहून दूर, मग बोटीचे इंजिन शिकून यवतमाळच्या पोराने करायचे काय?

उत्तर जिल्ह्याच्या नकाशावर आहे. एका सीमेवर वर्धा, दुसऱ्या सीमेवर पैनगंगा. बाभुळगावकडे बेंबळा, दिग्रसला अरुणावती, पुसदला पूस, केळापूरकडे खुनी नदीवरचे सायखेडा, आणि हिंगोलीच्या हद्दीला लागून इसापूरचा अफाट जलाशय. या पाण्यावर भोई समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डोंगा आणि जाळे घेऊन जगत आली. नाव वल्हवणारे हात इथे आहेत. नावेला इंजिन लागले आणि ते भर पाण्यात बंद पडले, तर ते उघडणारे हात मात्र फार थोडे आहेत.

आणि हे हात तयार करणे वाटते तितके अवघड नाही. शोध-बचावाच्या रबरी बोटीला मागे जे इंजिन अडकवतात, त्याला पथकातले लोक ओबीएम म्हणतात. ते शिकवायला धरणसुद्धा लागत नाही. वर्कशॉपच्या अंगणात पाण्याने भरलेले एक पिंप पुरते. पिंपाच्या काठावर भक्कम फळी बसवायची, तिच्यावर इंजिन आवळायचे, पंखा काढून ठेवायचा, पाणी आत घेणारी जाळी पूर्ण बुडवायची आणि दोरी ओढायची. इंजिन फुरफुरले की पहिली नजर जाते ती मागच्या बारीक छिद्राकडे. काही क्षणांत तिथून पाण्याची धार आली पाहिजे. धार आली म्हणजे खालचा रबरी इंपेलर पाणी वर फेकतो आहे, इंजिन थंड राहते आहे. धार आली नाही, तर त्याच क्षणी बंद. कोरडा चालवलेला इंपेलर बघता बघता फाटतो आणि तापलेले इंजिन जाम होते. काळ्या मातीचा गाळ घेऊन येणाऱ्या पुराच्या पाण्यात ही धार सर्वांत आधी अडते.

विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे नवे नाही. त्याचा बाप इंजिन सुरू करून नळीतून येणारे कोमट पाणी हातावर घेऊनच बांधावर जात असे. पंपाच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमध्ये दोरी भरताना ती फार आवळायची नाही, थेंब थेंब पाणी गळू द्यायचे, हे त्याला ठाऊक असते. मोठ्या बोटीत इंजिनाचा दांडा जिथून तळाबाहेर जातो, तिथल्या ग्लँडचा नियमही बहुधा हाच. गिअर ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर सील गेले, आत पाणी शिरले, हे ट्रॅक्टरवाल्याला एकदा दाखवले की तो विसरत नाही.

नवे शिकायचे ते वेगळे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून झाकण उघडून हवा खेळवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटताच इंजिन बंद पडले पाहिजे, ती दोरी कोणी सोयीसाठी काढून ठेवू नये. महिनोन्‌महिने कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल डिंकासारखे चिकटते, म्हणून बोट ठेवणीत टाकण्याआधी तो रिकामा करायचा. आणि पोहता आलेच पाहिजे.

किनाऱ्यावर या शिक्षणाला मोठी परंपरा आहे. मत्स्यव्यवसाय विभाग वर्सोव्यासारख्या केंद्रांत मच्छीमार तरुणांना नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल सहा महिन्यांत शिकवतो. कोचीला १९६३ साली सुरू झालेली, आज सिफनेट म्हणून ओळखली जाणारी केंद्रीय संस्था दहावी झालेल्या मुलांना दोन वर्षांत मरीन फिटर बनवते. चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही तिची केंद्रे आहेत. यवतमाळच्या ज्या मुलाला पुढे बंदरात किंवा जहाजबांधणीत जायचे असेल, त्याला ही वाट कोणीतरी दहावीच्या वर्गातच दाखवायला हवी. विशाखापट्टणमचा जहाज कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे होते. त्या गावालाही समुद्र नाही. १९४८ साली त्या कारखान्यातून ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

पण प्रत्येक मुलाने कोचीला जावे, हा काही उपाय नव्हे. जिल्ह्याची गरज जिल्ह्यातच भागली पाहिजे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने नदी-जलाशयातल्या यांत्रिक नौकांची तपासणी, नोंदणी आणि त्यांवरच्या माणसांची पात्रता हे विषय १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नव्याने मांडले. ज्या नौकांची तपासणी व्हायची, त्या आधी दुरुस्त व्हाव्या लागतात. हे काम करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी हवा. त्यासाठी वर्सोव्याच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातले गोड्या पाण्याला लागू पडेल ते घ्यावे आणि आयटीआयत मेकॅनिक डिझेलचे एक वर्ष पूर्ण केलेल्या मुलांना इथेच द्यावे. त्यातही भोई समाजाच्या मुलांना पहिली जागा मिळावी, कारण पाणी त्यांना आधीच कळते. आणि शिकवणे मराठीत व्हावे. पुरात बोट हाकणाऱ्या माणसाला इंजिनाचा दोष सांगायला शब्द शोधत बसावे लागू नये.

इथे बसलेल्या आयटीआयच्या प्रत्येक निदेशकाला या व्यासपीठावरून एकच विनंती आहे. पावसाळा जूनमध्ये लागतो. त्याआधी, येत्या मे महिन्यात, आपल्या वर्कशॉपच्या अंगणात एक पिंप भरून ठेवा, तालुक्यातल्या बचाव पथकाची बोट आणि तिचे इंजिन मागवून घ्या, आणि दोन मुलांना दोरी ओढायला उभे करा.