बांधाखालचं पाणी कुणाचं?

मी लासूर स्टेशनहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळं तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हप्त्याच्या तारखेवरूनच ओळखतात. आज हप्त्याचं बोलणार नाही. पण सुरुवात कर्जापासूनच आहे.

काही वर्षांमागं आमच्या एका गटात एका ताईनं बोअरसाठी कर्ज मागितलं. सगळ्यांनी हो म्हटलं, ठरावावर माझीही सही आहे. पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा राहिला, रात्री बोअरची गाडी आली. तीनशे फुटांवर पाणी लागलं. पेढे वाटले. आणि महिन्याच्या आत बांधापलीकडच्या मावशीच्या विहिरीचा झरा बसला.

मावशी त्याच गटातली. ताईच्या कर्जात मावशीच्या बचतीचेही पैसे होते. म्हणजे तिची विहीर आटवायला आम्ही तिचाच पैसा वापरला. ताईचे मालक म्हणाले, उन्हाळाच तसा आहे. असेलही. पण बोअर चालू झालं की विहीर खाली जायची आणि लाईट गेली की वीतभर वर यायची, हे मावशीनं काठावर बसून तीन दिवस बघितलं होतं. तिला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. उन्हाळी कांदा अर्ध्यात सुटला. मुलानं चारशे फुटांचं बोअर घेतलं, ते फेल गेलं. दोघी दोन वर्षं एका सतरंजीवर बसल्या नाहीत.

असं का होतं? आपल्याकडं वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी साठत नाही. ते असतं भेगांत आणि मांजऱ्यात. ती भेग सातबारा बघून थांबत नाही. ताईच्या रानातून मावशीच्या रानात, तिथून नाल्यापलीकडच्या गावात जाते. खोल बोअर म्हणजे नवं पाणी नव्हे, पुष्कळदा शेजारणीच्याच माठाला खालून पाडलेलं भोक असतं. सामाईक विहिरीवर भावाभावांची पाळी ठरते, मोटारीचे तास ठरतात. भांडणं होतात, पण पाळी असते. बोअरला पाळीच नाही.

कायद्यानंही पूर्वी तसंच मानलं. १८८२ च्या इंग्रजी कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. १९९३ च्या कायद्यानं गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला आडकाठी घातली. मग आला २००९ चा भूजल कायदा, २०१४ पासून लागू. शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांखाली जायला त्यात मनाई आहे. आमच्या ताईचं बोअर तीनशेचं! तेव्हा आमच्यापैकी एकीलाही हे माहीत नव्हतं, आणि गाडीवाला कशाला सांगेल?

हे भांडण आपलंच आहे असं समजू नका. स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा शहर आणि शेजारी फ्रान्स, दोघांच्या जमिनीखाली एकच पाणी. दोन्हीकडून उपसा वाढला, पातळी खाली गेली. १९७८ मध्ये त्यांनी करार केला: कुणी किती उपसलं ते मोजायचं आणि आर्व्ह नदीचं पाणी गाळून जमिनीत मुरवायचं, त्याच्या खर्चात दोघांनी वाटा उचलायचा. पातळी पुन्हा वर आली. आणि २००७ मध्ये तो करार पुन्हा केला. त्यांच्यात काही भाऊबंदकी कमी नसेल, पण आकडा दोघांसमोर होता.

आपल्याकडं तोच नसतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा ठरावीक विहिरी मोजते, पण मावशीची विहीर कोण मोजणार? म्हणून आम्ही दोरी घेतली. टोकाला दगड, दर फुटाला गाठ. दिवाळीनंतर गटातल्या बारा विहिरी मोजतो, वहीत लिहितो. पाणी वर असेल तर गहू, कांदा. खाली गेलं असेल तर हरभरा. तो दोन पाण्यांत येतो, गव्हाला पाच-सहा लागतात. हिवरे बाजारचं गाव असाच पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, आणि शेतीला बोअर घेत नाही. आम्ही तिथवर पोचलो नाही. कांदा हेच आमच्या बाजाराचं पीक, तो सोडा म्हणणं मला तरी जमत नाही.

पण बोअरच्या कर्जाचा नियम आम्ही बदलला. आता अर्जावर शेजारच्या विहिरीचं अंतर आणि त्या घरच्या बाईची सही लागते. ठिबकला आणि विहीर पुनर्भरणाला कर्ज आधी. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. शेतातून वाहून जाणारं पाणी गाळखड्ड्यातून विहिरीत सोडायला खर्च बोअरच्या मानानं फार थोडा. मात्र पाणी खताचं, गढूळ असेल तर तसंच सोडू नका. आणि विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरणं म्हणजे पुनर्भरण नव्हे, उन्हाला पाजणं आहे.

यावर घरात पुरुष ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. आमच्यातही दोन अर्ज परत गेले आणि एका घरानं बाहेरून व्याजानं पैसे काढून बोअर घेतलंच. म्हणून हा विषय महिला सभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी लागते; इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर चहाबरोबर विषय संपतो.

दोरी साठ फुटांची घ्या, सुतळी नको, ती भिजून ताणते. मोजताना दोघी असा, काठ ठिसूळ असतात. आमची दोरी सध्या मावशीकडं आहे. मागच्या खेपेला तिनं ताईचं बोअर असलेल्या रानातली विहीर आधी मोजली.