क्षमेआधीची फिर्याद



१७ जून २०१५ च्या बुधवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात, इमॅन्युएल चर्चच्या बायबल अभ्यासाला एक अनोळखी गोरा तरुण आला. जमलेल्या कृष्णवर्णीय भाविकांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. मार्ककृत शुभवर्तमानातला पेरणाऱ्याचा दाखला चालू होता. शेवटी सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि त्याने पिस्तूल काढलं. पाळक क्लेमेंटा पिंकनी यांच्यासह नऊ जण गेले. दोनच दिवसांनी न्यायालयात मृतांच्या काही नातलगांनी त्याला क्षमा केली आणि सारा देश गहिवरला. मला काळजी वाटते ती या गहिवराची. क्षमा केली ती ज्यांची माणसं गेली त्यांनी. दिलासा मात्र ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांनीही घेतला. त्याच आठवड्यात साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर देशाचा आणि राज्याचा ध्वज अर्ध्यावर उतरले होते, आणि समोरच्या आवारात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या महासंघाचा (कॉन्फेडरेट) झेंडा पूर्ण उंचीवर फडकत होता. कायद्यानेच तो उतरवता येत नव्हता. १० जुलैला तो उतरला, तो विधिमंडळाने कायदा बदलल्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की अशा वेळी मंडळीचं पहिलं काम फिर्यादीचं आहे. हाबेलाचं रक्त भूमीतून ओरडतं तेव्हा देव काइनाला आधी जाब विचारतो. विलापगीतातही उद्ध्वस्त नगरी आपलं दुःख गिळत नाही, ती ते देवासमोर मांडते. मंडळीने मात्र पुष्कळदा गप्प राहण्यालाच शांती मानलं. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं, ते सबुरीचा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून. पाच महिन्यांनी, १५ सप्टेंबरच्या रविवारी, त्याच शहरातल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. त्या दिवशीच्या संडे स्कूलच्या पाठाचा विषय क्षमाशील प्रीती हाच होता. पहिला आरोपी दोषी ठरायला १९७७ साल उजाडलं, आणखी दोघांना २००१ आणि २००२.

कुणी म्हणेल, ख्रिस्ताने तर वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. मागितली, पण खिळे त्याच्या हातांत होते. दुसऱ्याच्या जखमेवरची क्षमा आपण परस्पर वाटू शकत नाही. दुसरा आक्षेप, वेदीवर राजकारण नको. पण १८४५ साली सदर्न बाप्टिस्ट मंडळ वेगळं झालं ते गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या वादातून, आणि त्याची माफी मागायला १९९५ उजाडलं. वेदीवर राजकारण होतंच. ते मालकांच्या बाजूचं होतं इतकंच. आणि हा दूरदेशीचा प्रश्न म्हणून मराठी माणसाने बाजूला सारू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियांचं, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांचं, सभासदत्व आजवर जातीवर ठरत आलं आहे, ही आपल्या घरातली बाब.

क्षमा आणि न्याय यांत एकच निवडावं लागतं, असं मानणाऱ्यांनी चार्ल्सटनच्याच कुटुंबांकडे पाहावं. मारेकऱ्याच्या पार्श्वभूमीच्या तपासणीत चूक झाल्याने त्याला पिस्तूल विकत मिळालं, म्हणून त्यांनी केंद्र सरकारवर दावे लावले, वर्षानुवर्षं चालवले आणि २०२१ साली सरकारला ८ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करायला लावली.