राजाचे अरण्य आणि गर्थचा कुत्रा



सर वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. शूर सरदार, संकटात सापडलेल्या सुंदरी, वेषांतर केलेला राजा रिचर्ड अशी अद्भुतरम्य कथेची सारी सामग्री तिच्यात आहे. परंतु तिचा प्रारंभ दरबारात होत नाही. तो शेफील्ड आणि डॉन्कास्टर यांच्यामधल्या पुरातन ओक वृक्षांच्या अरण्यात होतो. तेथे डुकरे राखणारा गर्थ अरण्याच्या रखवालदाराला शिव्याशाप देत असतो. रखवालदाराने कुत्र्यांच्या पुढच्या पायांची नखे छाटून त्यांना निकामी केलेले असते.

या एका तक्रारीत अरण्यसंरक्षणाचे सारे अर्थकारण सामावले आहे. १०६६ नंतर नॉर्मन राजांनी इंग्लंडचे विस्तीर्ण मुलूख शिकारीसाठी खास कायद्याखाली आणले. त्यांत केवळ झाडी नव्हती. गावे आणि शेतेही होती. कुत्र्याने राजाच्या हरणामागे धावू नये म्हणून त्याला पंगू करावयाचे, असा तो कायदा. झाडे राखली गेली हे खरे. पण ती हरणांसाठी, आणि हरणे राजासाठी. सरपण, चराई आणि डुकरांना ओकची फळे यांवर ज्यांचा संसार चाले, ते मात्र स्वतःच्याच रानात गुन्हेगार ठरले.

स्कॉट हे जाणून होता. त्याच्या लॉक्स्लीला, म्हणजे रॉबिन हूडला, राजा या जाचक कायद्यांना आवर घालण्याचे आश्वासन देतो. राजा माफी देतो. पण सुधारणा होण्यापूर्वीच मरण पावतो. पुढे अरण्याची सनद राजा जॉनकडून बळेच मिळवावी लागली, असे स्कॉट लिहितो. तपशिलात तो चुकला. जॉन १२१६ मध्येच वारला. सनद निघाली ६ नोव्हेंबर १२१७ रोजी, बालराजा तिसरा हेन्री याच्या नावाने. मर्म मात्र त्याने अचूक पकडले. माफी ही राजाची कृपा असते. हक्क दबावाविना मिळत नाही.

या सनदेने हरणाच्या शिकारीसाठी प्राण घेण्याची व अवयव तोडण्याची शिक्षा रद्द केली, आणि रानात डुकरे चारण्याचा हक्क मान्य केला. तिच्यातली काही कलमे १९७१ पर्यंत कायद्यात होती. पण हा हक्क ‘मुक्त’ माणसाचा होता. कादंबरीतल्या गर्थला त्याचा धनी दास्यातून सोडवतो; इतिहासातले असंख्य गर्थ सनदेच्या बाहेरच राहिले.

त्याच इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी १८७८ च्या वनकायद्याने भारतात राखीव जंगले निर्माण केली. तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क सरकारी सवलती बनले. तो अन्याय मान्य करणारा वनहक्क कायदा यावयास २००६ साल उजाडले. आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये.

म्हणून अरण्यरक्षणाची कोणतीही रम्य कथा वाचताना, अथवा योजना ऐकताना, कार्यकर्त्याने प्रथम गर्थचा शोध घ्यावा. रान कोणासाठी राखले जात आहे, त्यावर ज्याचे पोट आहे त्याला राखण्याचा अधिकार आहे की नाही, आणि नखे कोणाच्या कुत्र्याची छाटली जात आहेत, हे विचारावे. रानाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना वगळून केलेले रक्षण म्हणजे केवळ पहारा होय.