आवाज तोच, कान वेगळे



आज मला जुन्या गायकांविषयी, त्यातही त्यांच्या आवाजाबद्दल लोकांनी वेळोवेळी दिलेल्या निकालांविषयी बोलायचे आहे.

मायक्रोफोन येण्याआधी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज हाच चांगला आवाज मानला जाई. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि कानात बोलल्यासारखे हळू गाणेही लाखोंपर्यंत पोचू लागले. अमेरिकेत अशा गायकांना क्रूनर म्हणत. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या गाण्याची जाहीर निंदा केली. त्यांच्या मते ते पुरुषाला न शोभणारे आणि नीतीला घातक होते. त्याच शैलीतला सर्वात लोकप्रिय गायक बिंग क्रॉसबी. दहा वर्षांनी, १९४२ मध्ये, त्याचे नाताळचे गाणे आले आणि ते घराघरांत वाजू लागले. धर्मगुरूंनी धोका म्हणून ऐकलेली शैली आता कुटुंबाच्या सणाचा भाग झाली होती.

आपल्याकडचे उदाहरण तलत महमूद यांचे. जन्म लखनौचा, १९२४चा. घर जुन्या वळणाचे. मुलाने सिनेमात जावे हे घरच्यांना पसंत नव्हते. कोलकात्यात त्यांनी तपनकुमार या नावाने बंगाली गाणी गायली आणि १९४९ मध्ये ते मुंबईत आले. त्यांच्या आवाजात एक बारीक कंप होता. काहींना तो दोष वाटला. तलत तो दडपू लागले, तेव्हा संगीतकार अनिल विश्वास यांनीच मला तो कंप हवा आहे असा आग्रह धरला, असे सांगितले जाते. १९५०च्या ‘आरजू’मध्ये दिलीपकुमारसाठी ते गायले आणि तोच कंप त्यांची ओळख बनला. १९५९च्या ‘सुजाता’मध्ये नायक टेलिफोनवर गातो, तो आवाज तलत यांचा आहे. टेलिफोनवर कुणी ओरडून मन मोकळे करत नाही. सचिनदेव बर्मन यांनी तिथे हाच आवाज का निवडला असेल ते सहज कळते. पुढे वसंत प्रभूंच्या चालीवर ते मराठीतही गायले.

नंतर सिनेमा रंगीत झाला, नायक उड्या मारू लागला आणि हा आवाज ‘रडका’ ठरला. काम आटले. रफींचा आवाज मात्र शम्मी कपूरच्या उड्यांनाही पुरून उरला. पण १९६९च्या ‘आराधना’नंतर किशोरकुमारांची लाट आली तेव्हा रफीही मागे पडले असे लोक म्हणू लागले. १९८० मध्ये रफी गेले आणि तेच लोक हळहळले.

सत्तरच्या दशकाअखेरीस गझलच्या रेकॉर्डी आणि कॅसेट घरोघरी आल्या. हळू गाणे पुन्हा आवडू लागले आणि नव्या श्रोत्यांना तलत सापडले. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तोवर हिंदी चित्रपटांतले त्यांचे गाणे जवळजवळ थांबून वीसेक वर्षे झाली होती. १९९८ मध्ये ते गेले.

या सर्व काळात ‘आरजू’च्या रेकॉर्डवरचा आवाज कणभरही बदलला नव्हता. बदलली होती ती यंत्रे, सिनेमातला नायक आणि पुरुषाने कसे गावे याची आपली कल्पना. रेकॉर्ड थांबू शकते. माणसाची उमेदीची वर्षे मात्र परत येत नाहीत.

मी शालेय गायन स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. गुणपत्रिकेवर ‘आवाज पोचत नाही’ हा शेरा मी कितीदा तरी वाचला आहे. बऱ्याचदा तो अशा मुलीच्या वाट्याला येतो, जिने घरातून जेमतेम परवानगी मिळवलेली असते. स्वर पक्का, शब्द स्वच्छ, फक्त आवाज लहान. माइक दोन बोटे जवळ सरकवला तर तो आवाज सभागृहभर पोचतो. आपण माइक सरकवत नाही, गुण कापतो. ती मुलगी पुढच्या वर्षी येत नाही, आणि घरचे म्हणतात, बरे झाले, हौस फिटली.

म्हणून माझी विनंती एवढीच. आवाजाला दोष देण्यापूर्वी हे पाहा की दोष स्वरात आहे, की आपल्या सवयीत. आणि एखादा आवाज आवडला, तर ते गाणाऱ्याला आजच सांगा.