चाबूक कोणाच्या हाती?

(घाटकोपर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने व्यंगचित्रांवर बोलावे, हे थोडे विपरीत खरे. पण आपण घाटकोपरात जमलो आहोत. येथील रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी जमलेल्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. प्रतिमेचा अपमान म्हणजे काय, हे या उपनगराला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही.

प्रथम थोडे दूर जाऊ. अठराव्या शतकातील इंग्लंडात राजमान्य चर्चपासून फारकत घेतलेल्यांना सार्वजनिक पदे कायद्याने नाकारली होती. प्राणवायूच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेला जोसेफ प्रीस्टली हा त्यांच्यातलाच. १४ जुलै १७९१ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्मरणार्थ बर्मिंगहॅममध्ये मेजवानी झाली, दंगल उसळली आणि जमावाने प्रीस्टलीचे घर, ग्रंथ व प्रयोगशाळा यांची राखरांगोळी केली. काही दिवसांतच गिलरेचे चित्र बाजारात आले. त्यात प्रीस्टली चर्चमधला प्याला व तबक पुढे करून राजाचे मस्तक मागतो आहे. वस्तुतः तो त्या मेजवानीला गेलाच नव्हता! ज्याचे घर जळाले, तोच चित्रात आरोपी. ते कायदे रद्द व्हायला १८२८ साल उजाडावे लागले.

आता आपल्याकडे या. हिंदू म्हणून मरणार नाही, असे १९३५ साली येवल्यात जाहीर करणारा माणूस बारा वर्षांनी मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘शंकर्स वीकली’त शंकर यांचे चित्र आले. संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू आणि भोवती बघ्यांची गर्दी. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर की बाबासाहेबांवर, यावर वाद होत राहील. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते चित्रात नसलेले. सात सदस्यांच्या त्या समितीतील एकाने राजीनामा दिला, एक निधन पावले, एक अमेरिकेत, कोणी संस्थानी कारभारात गुंतलेले. भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारींनी नोव्हेंबर १९४८ मध्येच सभागृहात सांगितले होते. साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या दाखल झाल्या होत्या. दिरंगाईचा हिशेब मांडायचा तर हे आकडे आधी मांडावे लागतात; शंकर यांनी फक्त गोगलगाय मांडली. ते आंबेडकरांचे शत्रू होते, असे मी म्हणणार नाही. पण वरच्या वर्गाच्या हशाची त्यांना सवय होती, आणि सवयीचा हशा अन्याय करतो.

हेच चित्र २००६ पासून अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या संतापामागची वेदना खरी होती. अनेक पुरोगाम्यांनी तिला नुसतेच असहिष्णुता म्हटले, हा त्यांचा आंधळेपणा. परंतु प्राध्यापकाचे टेबल उलथणारे हात आपले नव्हेत, हेही येथे स्पष्ट सांगतो. पुढे सुखदेव थोरात समितीने अनेक चित्रे काढण्याची शिफारस केली, एकट्या एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले. मी पांडियन यांच्या बाजूचा आहे. कारण चित्र गेले की ते चूक का, हे शिकवण्याची संधीही जाते.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? समितीला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हणून हिणवण्यात आले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी त्या शेऱ्याचा उल्लेख टाळला नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना घटना बनवण्यास किती काळ लागला, तो त्यांनी समोर ठेवला आणि त्यांच्यापुढे दुरुस्त्यांचा असा डोंगर नव्हता, हेही दाखवले. त्या भाषणाची छापील प्रत मी आणली आहे. चहानंतर कोणीतरी तरुणाने ती मोठ्याने वाचावी. माझा आवाज आता तेवढा पुरत नाही.