पोपटीचा धूर आणि शेजार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "मोठा विषय कशाला हवा? तुम्हाला दारातून जे दिसते तेच सांगा." आता थंडी पडली की मला दारातून दिसतो तो धूर. तेव्हा धुरावरच बोलते.

आपल्यात घाटावरून लग्न होऊन आलेल्या काही भगिनी आहेत, त्यांच्यासाठी आधी पोपटी म्हणजे काय ते सांगते. इथल्या माहेरवाशिणींनी तेवढे सोसून घ्यावे. आपल्या अलिबाग-पेणकडे भात कापून झाले की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. पौषाच्या सुमाराला शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, बटाटे, रताळी, कोणी अंडी, तर कोणी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा आणि मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पालापाचोळा, काटक्या, शेण्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारावेत, ते चुर्र करून उडाले की झाली पोपटी.

ही मूळची शेतातली गोष्ट. राखणीला गेलेल्या माणसांनी बांधावरच्या पाल्यात, तिथल्याच शेंगांची करायची. भोवती मोकळे रान, धूर कुठे जातो याचा विचार करायचे कारणच नव्हते. आता पोपटी अंगणात आली, आणि अंगणे कशी आहेत ती आपण बघतोच. आमच्या आळीत एका घराची पागोळी दुसऱ्याच्या ओटीवर पडते. मधल्या पाखाडीतून दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. एवढ्या जागेत पेंढा पेटला की धूर सरळ शेजारच्या खिडकीत शिरतो.

दोन वर्षांमागची हकीकत सांगते. कोणाचे नाव घेत नाही, माणसे चांगली आहेत. त्यांच्याकडे मुंबईचे पाहुणे आले होते. रात्री नऊच्या पुढे त्यांनी पोपटी लावली. पाला दवाने भिजलेला, त्यामुळे जाळ कमी आणि धूरच फार. शेजारच्या घरात दम्याच्या आजी. आता असे नाही की त्यांना सांगितले नव्हते. संध्याकाळीच त्या घरचा मुलगा सांगून गेला होता, "आजी, आज पोपटी आहे हं, तुम्हाला पाठवतो." आजी म्हणाल्या, "बरं बाळा." रात्री अकराला त्यांच्या सुनेने रिक्षा बोलावली आणि आजींना दवाखान्यात नेले. चार दिवस त्या तिथे होत्या. सकाळी मी घर झाडायला गेले, तर ओटीवर ताटाखाली झाकलेली पोपटी तशीच होती.

मी त्या ताटाचा पुष्कळ विचार केला. पोपटी पाठवायची हे त्यांना आठवले, म्हणजे माया होतीच. पण ज्या मुलाच्या हातून आपली भाजी नि औषधे येतात, त्याला म्हातारे माणूस "नको रे, मला त्रास होतो" असे कसे म्हणणार? तेव्हा विचारायचे ते आजींना नव्हे, सुनेला. आणि दिवसाउजेडी, मडके भरण्याच्या आधी. "हल्ली त्यांचा दम कसा आहे? इथे लावू की दुसरीकडे नेऊ?" असे विचारले म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. घरात तान्हे मूल असेल तरी असेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कोणी घट मांडला असेल, तर त्यांच्या खिडकीखाली कोंबडीची पोपटी त्या दिवशी नको, हे तर विचारायलाही लागू नये.

वाऱ्याचेही बघावे. आपल्याकडे थंडीत दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, रात्री उलटा जमिनीकडून समुद्राकडे जातो, आणि मध्ये दिवेलागणीला अगदी पडतो. पडलेल्या वाऱ्यात आणि गारठ्यात धूर वर चढत नाही, घरांच्या उंचीलाच पसरून राहतो. म्हणून अंगणातच करायची असेल तर चार-पाचच्या सुमारास करावी, वाळत घातलेले कपडे आधी शेजारणीला उचलायला सांगावेत. पुरुषमंडळींना रात्र झाल्याशिवाय पोपटीला रंग येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना धुराने वास मारणारे कपडे पुन्हा धुवावे लागत नाहीत!

जाळायला पाला खडखडीत सुका घ्यावा. दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रॉकेल यांतले काही नको. तो धूर घशात बसतो आणि शेंगांनाही वास लागतो. पेंढ्याची उडवी जवळ असेल तर ठिणगीचे भय मोठे, तेव्हा पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. जेवण झाल्यावर राखेवर पाणी मारून ती ढवळावी, कारण वरून राख थंड दिसली तरी आत विस्तव सकाळपर्यंत राहतो आणि पोरे अनवाणी धावतात. उरलेले निखारे घमेल्यात भरून शेकायला बंद खोलीत तर कधीच नेऊ नयेत. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

माझी भाची ठाण्याला इमारतीत राहते. तिथे गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर पनीर नि कोंबडी भाजतात, त्याला बार्बेक्यू म्हणतात. वरच्या मजल्याच्या बायका खिडक्या लावून बसतात. नाव वेगळे, गाऱ्हाणे तेच.

आळीतल्या एक वहिनी मला म्हणाल्या, "आमच्या अंगणात आम्ही काय करावे हे आता मंडळ ठरवणार का?" अंगण त्यांचेच आहे, मी नाही म्हणत नाही. पण धूर त्यांच्या अंगणातच राहिला असता, तर मी हा विषय घेतलाच नसता. त्या अजून रागावलेल्या आहेत. आज आल्या आहेत, हे मात्र मला बरे वाटले.

गेल्या वर्षी आम्ही तीन घरांनी मिळून आळीच्या टोकाच्या शेतात, मालकाला विचारून, रिकाम्या खळ्यावर एकच पोपटी लावली. सामान वाहून न्यायला मुले कुरकुरली, पण तिथे गेल्यावर घरी यायला तयार होईनात. आजींचा वाटा गरम असतानाच मी डब्यातून नेला. त्यांनी एक-एक शेंग सोलून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितले.

यंदा सहा घरांनी यायचे म्हटले आहे. मडकी दोन लागतील. एक माझ्याकडे आहे, दुसरे कोणाकडे असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला सांगावे.